‘साधी गाठ’ आणि ‘पूर्ण काढली’: दोन शब्दप्रयोगांची तपासणी



आजचा विषय आहे मेंदूतल्या आणि डोळ्याच्या खोबणीतल्या गाठी, त्यांचं पसरणं आणि त्यांच्यावरचे उपचार. विषय वैद्यकाचा असला तरी ऑपरेशनचं तंत्र मी आज समजावून सांगणार नाहीये. मला समीक्षा करायची आहे, आणि ती दोन शब्दप्रयोगांची. पहिला ‘साधी गाठ आहे’ आणि दुसरा ‘पूर्ण काढली’. असा पेशंट ज्या घरात आहे तिथे भेटायला गेलं की ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं ऑपरेशनच्या आधीचं, दुसरं नंतरचं. डॉक्टर ती चांगल्या हेतूने बोलतात आणि नातेवाईक ती जपून ठेवतात. माझं म्हणणं असं आहे की डोळ्यामागच्या जागेत ही दोन्ही वाक्यं अपुरी पडतात, आणि त्या अपुरेपणाची किंमत पेशंटला कधीकधी स्वतःच्या नजरेने मोजावी लागते.

ती दोन प्रकारे मोजली जाते. ‘साधी होती, पूर्ण काढली’ हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. ठरलेल्या मुदतीने एमआरआय करायला सांगितलेला असतो, तो राहून जातो. आठ-दहा वर्षांनी डोळा पुन्हा पुढे यायला लागला की मग धावपळ. हा एक प्रकार. दुसरा याच्या बरोबर उलट. ‘थोडी मुद्दाम आत ठेवली आहे’ असं सर्जनने सांगितलं की घरच्यांना वाटतं, हा कमी पडला. मग दुसरं शहर, दुसरे डॉक्टर, ‘उरलेली पण काढून टाका’ असा आग्रह. त्या आग्रहापायी दिसणारा डोळा जाऊ शकतो.

आता आधी जागा कशी आहे ते बघू, कारण पुढचं सगळं जागेवर अवलंबून आहे.

डोळ्याची खोबण म्हणजे हाडाची, मागे निमुळती होत गेलेली पोकळी. तिच्यात मावतं सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. तेवढ्यात डोळा, तो फिरवणारे सहा स्नायू, चरबी, अश्रुग्रंथी, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस. खोबणीची वरची भिंत हीच मेंदूच्या पुढच्या भागाची जमीन. चाळीत जसं एकाचं छत ते वरच्याची फरशी असते, तसंच. मागच्या टोकाला दोन वाटा आहेत. एक अरुंद बोगदा, त्यातून दृष्टीची नस मेंदूकडे जाते. शेजारी एक फट, तिच्यातून डोळा हलवणाऱ्या नसा येतात. फटीच्या लगेच मागे कॅव्हर्नस सायनस नावाची शिरांची जागा, आणि तिच्यातून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी जाते. मेंदूवरची आवरणं या नसेभोवती गुंडाळून थेट डोळ्यापर्यंत येतात. म्हणजे दृष्टीची नस हा खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे.

या आवरणांपासून उगवणारी गाठ म्हणजे मेनिन्जिओमा. बायकांमध्ये तिचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट. बहुतेक मेनिन्जिओमा ग्रेड एकच्या, हळू वाढणाऱ्या, शरीरात दुसरीकडे न पसरणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर ‘साधी’ हा शब्द अगदी बरोबर आहे. प्रश्न असा आहे की पेशंट सूक्ष्मदर्शकाखाली राहत नाही.

हे सगळ्यात आधी ज्याने नीट ओळखलं, त्याच्या पुस्तकाकडे आता वळतो. हार्वे कुशिंग. अमेरिकेतला न्यूरोसर्जन, या शाखेच्या संस्थापकांपैकी एक. ‘मेनिन्जिओमा’ हे नाव त्याने १९२२ मध्ये दिलं. त्याआधी या गाठींना त्या कोणत्या पेशीपासून झाल्या असाव्यात यावरून नावं दिली जात आणि त्यावर भांडणंही चालत. कुशिंगने काय केलं, तर पेशीचा वाद बाजूला ठेवला आणि ज्या जागेशी ती जोडलेली आहे त्या आवरणाचं नाव गाठीला दिलं. नाव देतानाच त्याने जागेला मान दिला.

मग १९३८ मध्ये त्याचा आणि लुईस आयझेनहार्टचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या नावात चार गोष्टी आहेत: या गाठींचं वर्गीकरण, त्यांचं जागेनुसार वागणं, त्यांचा जीवनक्रम, आणि ऑपरेशनचे अखेरचे परिणाम. मला तर हे नावच अर्धी समीक्षा वाटतं. गाठ ‘काय आहे’ हा त्यातला फक्त पहिला प्रश्न. ती कुठे आहे, वर्षानुवर्षं काय करते, आणि माणसाचं शेवटी काय झालं, हे उरलेले तीन. तीनशेहून जास्त पेशंटच्या हकिगती त्यात आहेत. आयझेनहार्ट कुशिंगकडे आधी कार्यालयीन कामाला होती. पुढे ती डॉक्टर झाली, मेंदूच्या गाठींची पॅथॉलॉजिस्ट झाली आणि गाठींची नोंदवही तिने सांभाळली. पेशंट घरी गेला की फाइल बंद, असं या दोघांनी केलं नाही. ग्रंथाचं खरं बळ मला या चिकाटीत दिसतं.

एक उदाहरण घेऊ, सार्वजनिक इतिहासातलं. अमेरिकेचे जनरल लेनर्ड वुड. कवटीवर गाठ, फिट्स आणि डावा पाय कमजोर. १९०५ मध्ये बोस्टनला एक ऑपरेशन झालं होतं, तरी त्रास परतला. १९१० मध्ये कुशिंगने गाठ काढली. वुड बरे झाले, अमेरिकी लष्कराचे प्रमुख म्हणून काम केलं, १९२० मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, पुढे फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल झाले. आणि गाठ परत आली. १९२७ मध्ये कुशिंगनेच पुन्हा ऑपरेशन केलं आणि त्यानंतर काही तासांतच वुड यांचा मृत्यू झाला. त्यांची गाठ डोक्याच्या वरच्या भागात होती, डोळ्याजवळ नव्हती. पण हिशेब बघा. मधली सतरा वर्षं हे मोठं यश आहे, आणि अखेर गाठ परतली हेही तितकंच खरं. ‘साधी होती की नव्हती’ या प्रश्नाला या हकिगतीत उत्तरच नाही. ‘कुठे होती आणि किती वर्षं मिळाली’ याला आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. ‘पूर्ण काढली’.

१९५७ मध्ये डोनाल्ड सिम्पसन या सर्जनने एक निबंध लिहिला. मेनिन्जिओमा काढल्यावर परत का येते, हा त्याचा प्रश्न. त्याने ऑपरेशनच्या पाच पायऱ्या केल्या. पहिली पायरी: गाठ काढली, ती जिथे चिकटली होती ते आवरण काढलं, खराब झालेलं हाडही काढलं. दुसरी: गाठ काढली, पण आवरण कापून न काढता जाळलं. तिसरी: गाठ काढली, आवरणाला हात लावला नाही. चौथी: गाठ अर्धवट काढली. पाचवी: फक्त दाब कमी केला किंवा तुकडा तपासायला घेतला. गाठ परतण्याचं प्रमाण पहिल्या पायरीत सुमारे ९ टक्के, दुसरीत १९, तिसरीत २९, आणि चौथीत त्याहून जास्त.

हा निबंध महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. ‘पूर्ण’ या शब्दाचेही तीन दर्जे असतात, हे त्याने दाखवून दिलं. डोळ्याला दिसणारी गाठ निघाली म्हणजे सगळं निघालं असं नाही. आज साठ-सत्तर वर्षं झाली तरी सर्जन ‘सिम्पसन एक’, ‘सिम्पसन दोन’ असंच बोलतात.

पण समीक्षा करायची तर त्याच्या मर्यादाही बोलायला हव्यात. पहिली मर्यादा काळाची. सीटी स्कॅन पेशंटवर पहिल्यांदा वापरला गेला १९७१ मध्ये, लंडनला. सिम्पसनच्या वेळी तो नव्हता. मग गाठ परतली हे कळायचं कसं? पेशंटला पुन्हा त्रास झाला तर. म्हणजे मुकाट वाढत असलेली गाठ त्या हिशेबात आलीच नाही. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. ही शिडी सर्जनच्या हाताचं मोजमाप करते. गाठीचा स्वभाव किती संथ किंवा किती जहाल, हे ती विचारत नाही. आणि पेशंटला आता दिसतं का, हे तर कुठल्याच पायरीवर लिहिलेलं नाही. समजा दोन ऑपरेशनं आहेत. एकात पहिली पायरी गाठली आणि डोळा गेला. दुसऱ्यात चौथीवर थांबले आणि नजर शाबूत. शिडीप्रमाणे पहिलं सरस. घरी गेलेल्या माणसाला विचाराल तर?

२०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जनच्या एका गटाने ग्रेड एकच्या मेनिन्जिओमांमध्ये या पायऱ्यांनी आजच्या काळात फारसा फरक पडतो का, असा प्रश्न आकडेवारीसह उभा केला. त्यांना मोठा फरक दिसला नाही. त्यावर बराच वाद झाला, फरक पडतो असं दाखवणारेही पुढे आले. मला त्यात एवढंच महत्त्वाचं वाटतं की हा प्रश्न विचारला गेला.

आता शिडी डोळ्याच्या खोबणीत नेऊन बघू. तिथे मेनिन्जिओमा बहुधा स्फेनॉइड हाडापासून येते, म्हणजे कानशिलाच्या आत, खोबणीच्या मागच्या-बाहेरच्या भिंतीतलं हाड. पुष्कळदा ही गाठ गोळ्यासारखी नसते. चटईसारखी आवरणावर पातळ पसरते आणि खालचं हाड जाड होत जातं. डोळा पुढे येतो तो मुख्यतः या जाड हाडाने ढकलल्यामुळे. दुखत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू होतं, म्हणून जुने फोटो काढून बघितल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं. हाड जाड का होतं, ती नुसती प्रतिक्रिया की हाडातच गाठ शिरलेली, यावर बराच काळ वाद होता. पण त्या हाडाचे तुकडे तपासले की पुष्कळदा गाठीच्या पेशी आत सापडतात.

इथे मला भाषेबद्दल बोलायचं आहे. ‘इन्व्हेजिव्ह’ आणि ‘ॲग्रेसिव्ह’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला सांगतो की गाठ शेजारच्या भागात शिरली. दुसरा सांगतो की ती जोरात वाढते, लवकर परतते. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत आणि सल्ल्याच्या पुस्तिकांत दोन्हीसाठी एकच शब्द येतो: ‘आक्रमक’. झालं! हाडात शिरलेली संथ गाठ आणि महिन्याभरात दुप्पट होणारी जहाल गाठ एकाच शब्दात गेल्या. सुसान सोंटॅगने १९७८ मध्ये कॅन्सरबद्दलच्या लष्करी भाषेवर टीका केली होती. आपल्याकडे आधी एवढं तरी करू: शिरण्याला ‘शिरकाव’ म्हणू आणि जोराला ‘जहालपणा’. शिरकाव असूनही गाठ संथ असू शकते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेनिन्जिओमा हाडात शिरली तर तेवढ्याने तिचा ग्रेड बदलत नाही. डोळ्याच्या खोबणीत शिरली तरी नाही. पण मेंदूच्या पेशीजालात शिरली तर बदलतो. २०१६ च्या आवृत्तीपासून मेंदूतला शिरकाव हा एकच मुद्दा ग्रेड दोन ठरवायला पुरेसा मानला गेला. २०२१ मध्ये त्यात जनुकांचीही भर पडली, काही ठराविक बदल सापडले तर थेट ग्रेड तीन. म्हणजे ‘शिरकाव आहे’ एवढं रिपोर्टमध्ये वाचून घाबरू नका. पुढचा प्रश्न विचारा: कशात?

जुन्या वाड्याच्या भिंतीतला पिंपळ आठवा. पिंपळ विषारी नाही, घाईत नाही. पण त्याची मुळी चिऱ्यांच्या सांध्यात गेली की ‘मुळासकट काढा’ म्हणणं सोपं आणि करणं अवघड. मुळासकट काढायचा तर भिंत उतरवावी लागते. भिंत कुंपणाची असेल तर उतरवा, पुन्हा बांधा. घराचा भार पेलणारी असेल तर? खोबणीची बाहेरची भिंत आणि छत सर्जनला बऱ्याच अंशी काढता येतं. दृष्टीच्या नसेचा बोगदा मोकळा करता येतो. पण फटीतल्या नसा आणि कॅव्हर्नस सायनस ही भार पेलणारी भिंत. तिथल्या गाठीमागे लागलं तर पापणी पडते, डोळा फिरत नाही, एकाचे दोन दिसतात. १९८० च्या दशकात कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरून सगळी गाठ काढण्याचा उत्साह बराच होता. तंत्र थक्क करणारं होतं. परिणाम बघून पुढे तोच उत्साह ओसरला. आज पुष्कळ ठिकाणी गाठीचा बाहेरचा भाग काढतात, आतला ठेवतात, त्यावर लक्ष ठेवतात किंवा रेडिएशन देतात. ही माघार म्हणजे हार नव्हे. ‘पूर्ण काढली’ या वाक्यापेक्षा पेशंटची नजर मोठी, हे मान्य करणं आहे.

दृष्टीच्या नसेभोवतीच्या आवरणातून निघणाऱ्या मेनिन्जिओमात तर हे अगदी स्पष्ट दिसतं. गाठ आणि नस यांचा रक्तपुरवठा इतका गुंतलेला असतो की गाठ सोलून काढली की नस बहुधा मरते. गाठ साधी, काढली पूर्ण, आणि डोळा आंधळा. म्हणून नजर अजून आहे तोवर तिथे सहसा सुरी लावत नाहीत. नजर कमी होऊ लागली तर रेडिएशन देतात, एकूण ५० ते ५४ ग्रे, रोज थोडं थोडं, पाच-सहा आठवडे. त्यात बहुतेकांची नजर टिकते, काहींची सुधारते. गॅमा नाईफ एका बैठकीत मोठा डोस देतं. पण दृष्टीची नस एका वेळी साधारण ८ ते १० ग्रेपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून गाठ नसेला चिकटलेली असेल तर ते चालत नाही. ‘गॅमा नाईफ का नाही केलं?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच नसेत लहान मुलांना वेगळी गाठ होते, ग्लायोमा. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांमध्ये ती जास्त. नाव ग्लायोमा, मेंदूच्या पेशींची गाठ, ऐकून आईवडिलांचा धीर सुटतो. पण ती बहुधा संथ असते, वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. नुसतं डोळे आणि एमआरआय तपासत राहणं हाच पुष्कळदा उपचार. नजर उतरायला लागली तर कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधं. या विकाराच्या लहान मुलांना रेडिएशन शक्यतो टाळतात, कारण पुढे दुसऱ्या गाठी होण्याचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा धोका असतो. बघा, एकाच नसेत दोन गाठी. एकीत रेडिएशन हा आधार, दुसरीत तेच टाळायचं.

आणि तिसरं टोक, ग्लायोब्लास्टोमा. तीही ग्लायोमाच, पण मेंदूच्या आत हरळीसारखी पसरणारी. दिसते तिथे संपत नाही. पांढऱ्या तंतूंच्या वाटेने तिच्या पेशी लांब गेलेल्या असतात. १९२८ मध्ये वॉल्टर डँडीने अशा ग्लायोमांसाठी मेंदूचा उजवा अर्धा भागच काढल्याची पाच उदाहरणं प्रसिद्ध केली. याहून ‘पूर्ण’ काय असणार? तरीही गाठीने पेशंटना सोडलं नाही. तिथे दिसणारी गाठ जितकी सुरक्षितपणे काढता येईल तितकी काढणं चांगलंच. पण पुढे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड लागतं. २००५ च्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला हे औषध जोडल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलं. ‘पूर्ण काढली’ हे वाक्य या घरात बोलणं तर अन्यायच आहे.

जाता जाता औषधांचा मुद्दा. मेनिन्जिओमाला स्त्री-हार्मोनांची, विशेषतः प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांची संगत असते. सायप्रोटेरोन हे औषध मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर धोका वाढतो, म्हणून युरोपात २०२० मध्ये त्याच्या वापरावर बंधनं आली. औषध बंद केल्यावर गाठ थांबते, कधी लहान होते. म्हणजे औषध थांबवणं हाच उपचार. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षाहून जास्त घेतलेल्या स्त्रियांत ऑपरेशन लागणाऱ्या मेनिन्जिओमाचा धोका पाचपटीहून जास्त दिसला. आपल्या सरकारी कुटुंबनियोजनातलं ‘अंतरा’ इंजेक्शन तेच आहे. म्हणून कुणी घाबरून ते सोडू नये. मुळात ही गाठ तरुण वयात फार विरळ, त्यामुळे पाचपट होऊनही धोका लहानच राहतो. पण मेनिन्जिओमा निघाली असेल तर ‘कोणती हार्मोन्स घेतली?’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

तर मग या दोन वाक्यांच्या जागी काय म्हणायचं? ‘साधी आहे का?’ हे जरूर विचारा, पण तिथे थांबू नका. कुठे आहे, कशात शिरली आहे, तिथे कोणती नस आहे, हे विचारा. ‘पूर्ण काढली का?’ याच्या जागी विचारा: काय ठेवलं, का ठेवलं, आणि पुढची तपासणी कधी? उत्तर तारखेसकट फाइलवर लिहून घ्या. सर्जनने ‘इथे मी थांबलो’ असं सांगितलं, तर कारण ऐका. पुष्कळदा त्या थांबण्यातच तुमचा डोळा वाचलेला असतो.

कुशिंग आणि आयझेनहार्टच्या ग्रंथाच्या नावातले शेवटचे दोन मुद्दे, जीवनक्रम आणि अखेरचा परिणाम, ऑपरेशन थिएटरमध्ये ठरत नाहीत. ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, न चुकवलेल्या तपासण्यांत ठरतात. तो भाग पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात असतो.

 आता प्रश्न घेऊ.